पाण्याची पाळी आणि दवाखान्याची वाट



गळीत हंगामाच्या तयारीची गडबड सुरू झाली आहे. गट ऑफिसात ऊसनोंदींची पडताळणी चालू आहे, तोडणी-वाहतुकीचे करार होत आहेत, मुकादमांच्या फेऱ्या वाढल्या आहेत. अशा दिवसांत आम्ही साथीच्या आजाराचा विषय काढला तर कुणी सहज म्हणेल, ‘गेला एकदाचा तो कोरोना, आता कशाला त्याची आठवण?’ म्हणणे खोटे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी ही जगभरची साथ असल्याचे जाहीर केले आणि ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचेही तिनेच सांगितले. पण आपण शेतकरी माणसे. पूर ओसरला की आपण आधी बांधावर जातो आणि बांध कुठे फुटला ते बघतो. तिथे माती टाकली नाही, तर पुढच्या पावसात तो तिथेच फुटणार, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. साथीच्या बाबतीत मात्र आपण अजून बांधावर गेलेलो नाही. या लेखाचा खटाटोप तेवढ्याचसाठी आहे.

एका सभासदाची हकीगत

आपल्याच कार्यक्षेत्रातील एका सभासदाच्या शेअरची वारसनोंद करण्याचा अर्ज शेअर्स विभागात आला, तेव्हा ही हकीगत आम्हांस कळली. घरच्यांनी ती छापण्यास संमती दिली आहे. नाव आम्ही देत नाही. नाव कुणाचेही घातले तरी ती खरीच वाटेल, अशी ती आहे.

साल २०२१, महिना एप्रिल. दुसरी लाट ऐन भरात होती. या सभासदांचा दीड एकर आडसाली ऊस उभा, वीस गुंठे खोडवा, दावणीला दोन म्हशी. मुलगा पुण्यात कंपनीत, घरी नवरा-बायको दोघेच. सोमवारी अंगात कणकण आली. पाणीपुरवठा संस्थेची पाळी बुधवारी रात्री होती. ती चुकली असती, तर पुढची पाळी तीन आठवड्यांनी. एप्रिलच्या उन्हात तीन आठवडे कोरडा राहिलेला ऊस कसा दिसतो, हे वाचकांना सांगायला नको. ‘एवढी पाळी काढतो नि मग जातो दवाखान्यात,’ असे ते घरात बोलले. बुधवारची आणि गुरुवारची रात्र त्यांनी अंगात ताप घेऊन दारे धरली. शुक्रवारी पडून राहिले. शनिवारी तालुक्याच्या एका डॉक्टरांकडे गेले. तिथे सलाईन लागले, स्वॅब घेतला गेला, अहवालाला तीन दिवस लागतील असे सांगण्यात आले. अहवाल येईपर्यंत घरी थांबायचे ठरले. मंगळवारी पहाटे दम लागला, तेव्हा शेजारच्या मुलाने कुठून तरी ऑक्सिमीटर आणून बोटाला लावला. आकडा ८४ होता. आजाराच्या नवव्या दिवशी त्यांच्या बोटाला ते यंत्र प्रथम लागले.

पुढचे सर्वांच्या ओळखीचे आहे. तालुक्यात खाट नाही. दुसऱ्या गावात खाट आहे तर ऑक्सिजन नाही. शेवटी जिल्ह्याच्या गावी एका खाजगी इस्पितळाने ५० हजार रुपये आधी भरा म्हणून सांगितले. रात्री पतसंस्था उघडी नसते. पाहुण्यांकडून, शेजाऱ्यांकडून करून पैसे जमले तेव्हा उजाडले होते. चौथ्या दिवशी ते गेले.

ऊस मात्र वाचला. त्याची तोडही पुढच्या हंगामात वेळेवर झाली. बिल त्यांच्या पत्नीच्या खात्यावर वर्ग झाले.

बांध कुठे फुटला?

ही हकीगत वाचून ‘त्यांनी अंगावर काढले’ असे म्हणून मोकळे होता येईल. आम्हांस ते पटत नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर पाळी सोडली असती का, हे प्रत्येकाने छातीवर हात ठेवून सांगावे. म्हशीला धार काढायला माणूस लागतो. डेअरीचे दूध सकाळी सहाला जावे लागते. रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला माणूस लागतो. नोकरदाराला आजारपणाची रजा असते. आपली रजा मंजूर करणारा साहेब म्हणजे ऊस आणि म्हैस, आणि ते दोघेही रजा देत नाहीत.

म्हणून आम्ही असे म्हणतो की शेतकऱ्याच्या बाबतीत दवाखान्याची वाट बांधावरून सुरू होते. इस्पितळ किती मोठे, डॉक्टर किती हुशार, हे सगळे नंतरचे. आजारी माणसाची पाळी धरायला कुणी असेल, तरच तो वेळेवर त्या वाटेला लागतो.

आणि या आजारात वेळेला फार किंमत होती. बहुतेक लोक तापातून आपोआप बरे झाले. पण काहींच्या बाबतीत पहिल्या आठवड्यात साधा वाटणारा ताप दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला फुप्फुसात उतरला. शिवाय कित्येकांच्या रक्तातला ऑक्सिजन खाली गेला तरी त्यांना दम लागत नव्हता. माणूस बोलत असे, चहा पीत असे, आणि आतून उतरणीला लागलेला असे. हे ओळखण्याचे साधन साधे होते. बोटावरचा आकडा ९५ किंवा त्याहून वर असेल तर ठीक. सहा मिनिटे चालून आल्यावर तो ९३ च्या खाली गेला, किंवा तीन अंकांहून जास्त घसरला, तर दवाखाना गाठायचा. हे काम अंगणात होण्यासारखे होते.

औषधांचेही तसेच. त्या एप्रिलात रेमडेसिविरच्या इंजेक्शनासाठी लोकांनी रांगा लावल्या, काळ्या बाजारात हजारो रुपये मोजले. त्या औषधाने मृत्यू टळतात असा पुरावा नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितले होते. उलट ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर झालेल्या चाचणीतून जून २०२० मध्ये दिसून आले की, ज्यांना ऑक्सिजन लावावा लागतो अशा रुग्णांमध्ये डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टिरॉइड मृत्यू कमी करते. मात्र ते नको त्या वेळी, नको तितके दिले की मधुमेही माणसाची साखर भडकते. म्युकरमायकोसिसच्या रूपाने त्याचेही भोग काहींनी भोगले. म्हणजे ऑक्सिजन, एक स्वस्त औषध आणि त्यावर नजर ठेवणारा जाणता माणूस, या गोष्टींनी जीव वाचत होते. त्यांत अप्राप्य असे काही नव्हते. त्या वेळेवर मिळायला हव्या होत्या, इतकेच.

नियम होते, माहिती नव्हती

पैशाच्या अडचणीबद्दल काही गोष्टी नमूद करणे आवश्यक वाटते. २१ मे २०२० रोजी राज्य शासनाने खाजगी इस्पितळांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले होते: साध्या विलगीकरण खाटेस दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरविना अतिदक्षता विभागास ७,५००, आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. पुढे १ जून २०२१ पासून शहरांच्या वर्गवारीप्रमाणे दर बदलले. ग्रामीण भागासाठी ते अनुक्रमे २,४००, ४,५०० आणि ५,४०० झाले. छातीच्या सीटी स्कॅनला यंत्राच्या प्रकाराप्रमाणे २,००० ते ३,००० रुपयांची मर्यादा होती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२० च्या मे महिन्यात पांढऱ्या रेशनकार्डासह राज्यातील सर्व नागरिकांसाठी खुली झाली होती.

हे दर त्या काळापुरते होते. पण त्या काळात ते आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते? वर सांगितलेल्या सभासदांना ज्या इस्पितळात नेले, ते फुले योजनेत होते. दारात त्यांना कुणी तसे सांगितले नाही, आणि बरोबर गेलेल्यांपैकी विचारण्याची कुणाला कल्पना नव्हती. रेशनकार्ड घरी पत्र्याच्या पेटीत होते. उसाच्या वजनात दहा किलोचा फरक पडला तर काट्यावर जाऊन हुज्जत घालणारे आपण. पण इस्पितळाच्या दारात आपण हात जोडून उभे राहतो, कारण तिथला काटा आपल्याला वाचता येत नाही.

लसीच्या वेळीही हाच प्रकार घडला. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली, पण नोंदणी मोबाईलवरूनच करायची होती. ज्याचे इंटरनेट जोरात त्याला नंबर मिळे. खेड्यातल्या केंद्राबाहेर शहरातल्या मोटारी उभ्या आणि गावातली पोरे झाडाखाली बसलेली, असे चित्र कितीतरी ठिकाणी दिसले. मे महिन्याच्या अखेरीस शासकीय केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा मिळाली आणि २१ जूनपासून केंद्र शासनाकडून सर्व प्रौढांना मोफत लस सुरू झाली, तेव्हा कुठे हा गुंता सुटू लागला.

या सगळ्यांत गावाशी नाते टिकवून होत्या त्या आशाताई. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, पाच हजारांना एक उपकेंद्र आणि तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सपाट प्रदेशासाठी सरकारी हिशेब आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली, तेव्हा घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजायला याच बायका फिरल्या. काही वस्त्यांवर त्यांना दारातून परत लावले गेले, हेही आम्ही लिहून ठेवतो. ‘नाव लिहून घेतील, उचलून नेतील,’ अशी भीती होती. त्याच आशांना जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी संप करावा लागला.

आपल्या यार्डातले लोक

आता एक कबुली. आपण सभासदांच्या अडचणी मांडल्या, पण आपल्यापेक्षाही दवाखान्यापासून लांब असलेला माणूस आपल्याच यार्डाशेजारी राहत होता.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांवर बीड, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि इतर भागांतील ऊसतोड मजूर अडकून पडले. सुमारे १ लाख ३१ हजार मजुरांना घरी जाऊ देण्याचा निर्णय राज्य शासनाने १७ एप्रिल रोजी घेतला. त्यांची तपासणी करून, बायकामुलांसह गावी पोचवण्याची जबाबदारी कारखान्यांवर टाकण्यात आली. मधल्या दिवसांत ही माणसे कोप्यांत राहत होती. एकमेकांपासून सहा फूट अंतर ठेवा, असे त्यांना सांगण्यात आले. कोपीची रुंदी किती असते, हे सांगणाऱ्याने पाहिले नसावे. रेशनकार्ड गावाकडे, ओळखीचा डॉक्टर गावाकडे, आणि इथल्या केंद्रावर गेले तर पहिला प्रश्न ‘पत्ता कुठला?’ टोळीतल्या बाईचे दिवस भरत आलेले असोत वा म्हाताऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपलेल्या असोत, त्या महिन्यात कोरोनाखेरीजच्या आजाराला कुठेच थारा नव्हता.

आपला ऊस ज्यांच्या कोयत्याने गव्हाणीत पडतो, त्यांची पाळी धरायला कुणीच नव्हते. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, पण लिहिले नाही तर अधिक वाटेल.

हडपसर आणि मांजरी

सहकाराने काय करावे, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. पुण्याशेजारच्या हडपसरला सव्वाशे वर्षांपूर्वी ते कुणीतरी देऊन ठेवले आहे. १८९७ साली प्लेगची साथ पुण्यात आली, तेव्हा सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी हडपसरच्या ससाणे मळ्यात, म्हणजे शेतात, दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घालून तिथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच साली इंग्रज सरकारने साथरोगांचा कायदा केला. तोच कायदा महाराष्ट्राने १३ मार्च २०२० रोजी पुन्हा लागू केला. कायदा आपण सव्वाशे वर्षे जपून ठेवला. मळ्यातला दवाखाना मात्र जपला नाही.

त्याच हडपसरच्या शेजारी मांजरीला आपली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत साखर कारखान्यांनी ऑक्सिजन तयार करावा, यासाठी या संस्थेने पुढाकार घेतला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील चोराखळीच्या धाराशिव कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पाच्या यंत्रणेत बदल करून ऑक्सिजन काढून दाखवला. त्याआधी, २०२० मध्ये, अनेक कारखान्यांच्या आसवनींनी सॅनिटायझर तयार केले होते. मळी आणि मद्यार्काची यंत्रे माणसाच्या श्वासासाठी वळवता येतात, हे त्या काळात सिद्ध झाले. पहिल्या सहकारी कारखान्यांच्या धुरिणांना हे नवे नव्हते. प्रवरेच्या काठी १९५० साली कारखाना उभा राहिला आणि पुढे त्याच परिसरात लोणीला मोठे रुग्णालय झाले. ऊस आणि दवाखाना एकाच मुळावर वाढू शकतात.

अहमदनगर जिल्ह्यातल्याच हिवरे बाजारने १५ मे २०२१ रोजी गाव कोरोनामुक्त झाल्याचे जाहीर केले. तिथे कुठले मोठे इस्पितळ उभे राहिले नव्हते. गावकऱ्यांनी पथके केली, घरोघर तपासणी केली, लक्षण दिसताच माणूस वेगळा केला आणि उपचाराला लावला. उशीर होऊ दिला नाही.

आपल्या कारखान्यानेही कामगार वसाहतीतील सभागृहात विलगीकरण कक्ष उघडला, ऑक्सिजन काढणारी यंत्रे आणली. चांगलेच केले. पण तोवर मे महिना उजाडला होता. उशीर फक्त सभासदांच्या हातून झाला असे नाही. गेल्या महिन्यात आम्ही भांडार विभागात जाऊन ती यंत्रे पाहिली. गोणपाटाखाली आहेत. ती कधी चालवून पाहिली, याची नोंद मिळाली नाही. गळितापूर्वी आपण मिलचा रोलर अन् रोलर तपासतो, बॉयलरची चाचणी घेतो. श्वासाच्या यंत्राला तेवढा मान मिळावा, अशी आमची संचालक मंडळास नम्र विनंती आहे.

इर्जिक पुन्हा घालूया

आता आपल्या हातातले. आम्ही पाच गोष्टी सुचवतो.

१. आपल्या वाडवडिलांत सावड होती, इर्जिक होती. एकाचे काम अडले की दहा नांगर जात आणि संध्याकाळी सगळे एका पंगतीला बसत. तीच रीत आजारपणासाठी धरावी. प्रत्येक पाणीपुरवठा संस्थेने ठराव करावा की, सभासद किंवा त्याच्या घरचे आजारी असतील तर त्याची पाळी बांधाशेजारी धरतील आणि पाणी चुकणार नाही. दूध संस्थेने धार काढण्याची तशीच सोय लावावी. यास पैसा लागत नाही.

२. प्रत्येक गावात दूध संस्थेत दोन ऑक्सिमीटर आणि एक थर्मामीटर ठेवावा. सेल दर सहा महिन्यांनी बदलावेत. वापर कसा करायचा ते आशाताईंकडून चार जणांनी शिकून घ्यावे.

३. रेशनकार्ड, आधार आणि आयुष्मान कार्ड एका पिशवीत घालून खुंटीला अडकवावे. राज्यातील सर्व कुटुंबांना ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण देण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला आहे. आपल्या जवळची कोणती इस्पितळे योजनेत आहेत, त्यांची यादी गट ऑफिसच्या भिंतीवर लावण्याची जबाबदारी शेतकी खात्याने घ्यावी. इस्पितळात पाऊल ठेवताच आधी आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारावे. पैसे भरण्याची गोष्ट त्यानंतर.

४. गंभीर रुग्णासाठी १०८ नंबर फिरवावा. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि तिला भाडे पडत नाही. साप चावला, बाई अडली, छातीत कळ आली, तरी हाच नंबर. मोटार शोधण्यात अर्धा तास घालवू नये.

५. हंगाम सुरू होताच प्रत्येक टोळीची आरोग्यनोंद चिटबॉयने घ्यावी: गरोदर बाया, लहान मुले, रोजच्या गोळ्या घेणारी माणसे. ही यादी जवळच्या आरोग्य केंद्राला द्यावी, म्हणजे ‘पत्ता कुठला?’ या प्रश्नाला उत्तर असेल: ‘आमच्या कारखान्याचा.’

पुढची साथ कधी येईल, हे कुणी सांगू शकत नाही. ती कोरोनाचीच असेल असेही नाही. पण आली तर ती पाणीपाळीचे वेळापत्रक बघून येणार नाही. कुणाचा तरी ऊस तहानलेला असेल, कुणाची तरी म्हैस विणार असेल, आणि तापाने फणफणलेला माणूस अंथरुणातून उठून टॉर्च शोधत असेल. त्या वेळी दारात शेजारी उभा राहून ‘तू जा दवाखान्यात, पाणी मी बघतो,’ एवढे म्हणाला, तर निम्मी वाट तिथेच सरते.

आमच्या त्या सभासदांच्या पत्नी आता कारखान्याच्या सभासद आहेत. वारसनोंदीच्या कागदावर अंगठा उमटवून उठताना त्या एकच वाक्य बोलल्या: ‘पाळीला कुणी उभं राहिलं असतं, तर माणूस वाचला असता.’ येत्या वार्षिक सभेत वरील ठराव यावेत आणि ते त्यांच्याच हस्ते मांडले जावेत, असे आम्हांस वाटते. सभासदांनी आपली मते गट ऑफिसात लेखी द्यावीत. पुढच्या अंकात ती अवश्य छापू.